वीसपैकी सतरा

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी प्रेबेनने मला सांगितलं, की माझ्या स्पीकरचा वरचा भाग वाजतच नाहीये. त्याने येताना बेकरीतून दालचिनीचे दोन रोल आणले होते. मी रेकॉर्ड लावली आणि कॉफी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा तो उजव्या स्पीकरसमोर एक हात भिंतीला टेकून वाकला होता. जानेवारीत त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्याला उकिडवं बसता येत नाही. कान त्याने स्पीकरच्या वरच्या लहान गोलाला जवळजवळ चिकटवला होता. मग लंगडत डावीकडे गेला आणि तिथेही तसंच केलं.

"एगॉन, हे कधीपासून असं आहे?"

"कसं?"

"वरचे दोन्ही मुके आहेत तुझे."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग ये ना इकडे. लाव कान."

मी कप खाली ठेवले आणि कान लावला. खालचा मोठा पडदा वाजत होता, त्याचं कापणं मला गालावर जाणवत होतं. वरच्या लहान गोलातून काहीच येत नव्हतं. मोठ्या गोलातून गाणारी बाई येत होती, पण घोंगडीखालून बोलावं तशी. मी सरळ उभा राहिलो. मला काय वाटलं ते नीट आठवतं. मला वाटलं, हो, असंच तर वाजतं हल्ली.

प्रेबेनने शेल्फच्या मागे हात घातला, चाचपडला आणि हसायला लागला. "बंद आहे की रे हा! दुसरा अ‍ॅम्प्लिफायर बंद! चार वर्षं तू आम्हा सगळ्यांचं डोकं खाल्लंस, की दोन अ‍ॅम्प्लिफायर लावले की आवाज कसा मोकळा होतो आणि खोली कशी उघडते. आणि इथे अर्धं दुकान बंद पडलंय, साहेबांना पत्ता नाही. लायब्ररीत आपल्या मंडळींना सांगतो मी हे. वार्षिक सभेत सांगतो." मग त्याची नजर दाराजवळच्या खुंटीवर गेली. तिथे रिग्मोरचा पावसाळी कोट अजून होता.  त्याने मागचं बटण दाबलं आणि म्हणाला, "आता ऐक." मी ऐकलं. गाणाऱ्या बाईच्या तोंडातले स, श परत आले होते. मागे तारांच्या ब्रशने वाजवलेला ड्रम होता, तोही आला. "आलं का ऐकू?" प्रेबेनने विचारलं. मी हो म्हणालो. ते खरंही होतं. आम्ही रोल खाल्ले. तो गेल्यावर मी बशा धुतल्या.

माझी बायको रिग्मोर वीस नोव्हेंबरला गेली. त्यानंतर संगीत मंद झालं आहे असं माझ्या लक्षात आलं होतं आणि त्याचं मला नवल वाटलं नव्हतं. हॉस्पिटलमधून आम्हाला एक पत्रक मिळालं होतं. जवळचं माणूस गेल्यावर जेवणाची चव लागत नाही, रंग फिके दिसतात, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, असं त्यात लिहिलं होतं. मी ते मुलीच्या देखत वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. पुढे डिसेंबरात, जानेवारीत संध्याकाळी चार वाजता अंधार पडला की मी रेकॉर्ड लावायचो आणि ती लांबून यायची. तेव्हा मी मनात म्हणायचो, हे तेच. पत्रकातलं तिसरं. मला त्यात थोडं समाधानही होतं, हे लिहायला हवं. मला रडू आलं नव्हतं. दफनाच्या दिवशीही नाही. लोक काय म्हणाले असतील ते म्हणाले असतील, पण माझ्याकडे एक गोष्ट होती, की ती गेली आणि माझे स्पीकर मुके झाले. आता प्रेबेन म्हणत होता की तो नुसता एक खटका होता.

तो कुणी बंद केला, हा साधा प्रश्न होता. हा अ‍ॅम्प्लिफायर जुना आहे. त्याचा खटका मागे आहे आणि पुढचा दिवा कधीच गेलेला आहे, त्यामुळे चालू आहे की बंद हे समोरून कळत नाही. मी तो कधी बंद करतच नाही. मला वाटलं मुलीने, लिस्बेटने केला असेल. दफनाच्या आदल्या दिवशी ती ओडेन्सहून आली होती आणि लोक येणार म्हणून तिने सगळं घर पुसून काढलं होतं. फडकं मागे गेलं असेल, बोट लागलं असेल. मी तसं ठरवून टाकलं. पण त्या रात्री झोपताना आणि दुसऱ्या दिवशी दाढी करतानाही तो खटका माझ्या डोक्यात होता. तो कडक आहे. नुसतं फडकं लागून तो हलत नाही. तो मुद्दाम दाबावा लागतो.

मी सुतार आहे. एकतीस वर्षं मी जटलंडच्या पश्चिमेला एका कारखान्यात स्पीकरची खोकी बनवली. माझं काम पातळ लाकडी पापुद्रा चिकटवायचं आणि कोपरे जुळवायचं. खोक्यात जे बसवतात ते दुसरे लोक बसवायचे, मला त्यातलं ऐकून ऐकून समजलं. प्रत्येक खोक्यात खाली एक मोठा पडदा असतो, तो जाड आवाज काढतो, आणि वर एक लहान, अंगठ्याएवढा, तो बारीक आवाज काढतो. खोक्याच्या मागे, अगदी जमिनीजवळ, चार स्क्रू असतात. दोन वरच्यासाठी, दोन खालच्यासाठी. ते पितळी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून एकाच अ‍ॅम्प्लिफायरची तार दोघांना पुरते. बहुतेक लोक मरेपर्यंत त्या पट्ट्यांना हात लावत नाहीत. पण पट्ट्या काढल्या, की खालच्याला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि वरच्याला दुसरा देता येतो. आमच्यासारखे काही लोक तसं करतात. आवाज सुधारतो म्हणतात. प्रेबेन म्हणतो, भिंतीतून वीज तीच, रेकॉर्ड तीच, कान तेच, फक्त डबा एक जास्त. या एका गोष्टीवर लायब्ररीच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सहा म्हातारे किती वर्षं भांडले, ते सांगून कुणाला खरं वाटणार नाही. मी दोनच्या बाजूचा होतो. मी म्हणायचो की मला ऐकू येतं. मला येतही होतं, असं मला वाटायचं.

दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला जागा हवी होती. जागा खिडकीजवळच होती आणि तिथे रिग्मोरचं टेबल होतं. ती नाट्यगृहाच्या कपडेपटात होती आणि निवृत्तीनंतरही घरी बेतायची, शिवायची. गायक मंडळी अंगाने वाढली की तिच्याकडे यायची. कापड बेतायचं ते टेबल मी लग्नाच्या वर्षी बनवलं होतं. बीचचं लाकूड, एक मीटर ऐंशी लांब, नव्वद रुंद, पाय खाचेत बसवून सरसाने पक्के केलेले. स्क्रू एकही नाही. त्या वयात मला स्क्रूचा कमीपणा वाटायचा. मी तिला म्हणालो की स्पीकर भिंतीपासून सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर दोन अ‍ॅम्प्लिफायरचा काही उपयोग नाही. ती म्हणाली, "आणि मी कापू कुठे? मांडीवर?" मी म्हणालो, जेवायच्या टेबलावर. ती थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिली. ती उत्तरेची खिडकी आहे, तिच्यातून दिवसभर एकसारखा उजेड येतो. मग म्हणाली, "ने बाबा. तुझे कान, माझं टेबल." प्रेबेनने आणि मी ते आडवं करून तीन मजले खाली नेलं आणि तळघरातल्या आमच्या खोलीत सायकलींच्या मागे उभं केलं. पुढे चार वर्षं ती जेवणाच्या टेबलावर कापायची आणि साडेपाच वाजले की सगळं गोळा करून पलंगावर ठेवायची. तक्रार केली नाही. फक्त कधी गाणं चालू असताना मान वर करून विचारायची, "आत्ता वाजतायत ते माझे एक मीटर ऐंशी का?"

परीक्षेची कल्पना तिचीच. नाताळच्या आठवड्यात प्रेबेन जेवायला आला होता, आणि तो आणि मी परत त्याच गोष्टीवर आलो. तेव्हा ती बटाटे वाढता वाढता म्हणाली, "एकदाचं मोजून टाका ना. कपडेपटात आम्ही असंच करायचो. दोन काळे कापडाचे तुकडे पाठीमागे धरायचे आणि विचारायचं, रेशीम कुठलं." प्रेबेन टाळी वाजवून म्हणाला, "वहिनी, तुम्हीच धरा तुकडे. हा तुमच्याशी लबाडी करणार नाही." तिथल्या तिथे ठरलं. वीस वेळा. दर खेपेला ती नाणं उडवणार, त्यावरून एक अ‍ॅम्प्लिफायर लावणार किंवा दोन, आणि आपल्या वहीत लिहिणार. मी ऐकून माझ्या वहीत लिहिणार. वीस पूर्ण होईपर्यंत कुणी कुणाची वही बघायची नाही. पंधरा बरोबर आले तर टेबल खालीच राहील. कमी आले तर वर येईल. तिने हे हसत हसत सांगितलं, पण बटाट्याचं भांडं हातात धरूनच उभी राहिली. मी हो म्हणेपर्यंत तिने ते खाली ठेवलं नाही.

मी तिला सगळं शिकवलं. आधी दोन्ही बंद करायचे. पट्ट्या लावलेल्या असताना दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर जोडले तर एक तरी जळणार, म्हणून आधी तार काढायची, मग पट्टी लावायची. काढलेल्या पट्ट्या शेल्फवरच्या बशीत ठेवायच्या, म्हणजे हरवणार नाहीत. दोन्ही खोक्यांच्या मागे गुडघे टेकून जावं लागायचं. तिची बोटं माझ्यापेक्षा बारीक होती आणि तिला ते पटकन जमलं. मी तेवढा वेळ स्वयंपाकघरात दार लावून बसायचो. पहिल्याच खेपेला एक अडचण आली. स्क्रू फिरवल्याचा, पट्टी बशीत पडल्याचा आवाज दारातून येत होता, आणि त्यावरून काय चाललंय ते ओळखता आलं असतं. ते योग्य नव्हतं. म्हणून मी नळ सोडला. पूर्ण सोडला, सिंकमध्ये पत्र्याचं पातेलं उलटं ठेवून, म्हणजे दुसरं काही ऐकूच येऊ नये. ती हाक मारायची तेव्हा दारावर थाप मारावी लागायची. "पाण्याचं मीटर तुझ्या कानांनी फिरतंय," ती म्हणायची. प्रेबेनला मी नळाचं सांगितलं तेव्हा तोसुद्धा म्हणाला, की हे मात्र चोख आहे. अशा परीक्षेत बहुतेक लोक इथेच घसरतात.

जानेवारीपासून आम्ही रविवारी सकाळी न्याहारीनंतर करायला लागलो. दर रविवारी नाही, पण बहुतेक. ठरलेली एकच रेकॉर्ड, त्यातलं एकच गाणं, चार मिनिटांचं. मी खुर्चीत बसायचो, डोळे मिटायचो, आणि त्या ब्रशच्या ड्रमकडे लक्ष द्यायचो, कारण फरक असलाच तर तिथे असणार. ती शेल्फजवळ उभी राहायची. गाणं संपलं की मी वहीत लिहायचो, तारीख, एक किंवा दोन, आणि पुढे चार शब्द. ती विचारायची, "झालं? नक्की?" मी नक्की म्हणायचो. मग ती कॉफीचं बघायला जायची. जुलैत आम्ही गावाबाहेरच्या आमच्या बागेतल्या झोपडीवर राहायला गेलो तेव्हा खंड पडला. सतरावी खेप सतरा ऑगस्टला झाली. त्यानंतर मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, "पानगळ होऊ दे, मग बघू." सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती डॉक्टरकडे गेली. कंबर दुखते म्हणाली. त्यांनी फोटो काढले, मग मोठे फोटो काढले. ते हाडात होतं आणि हाडात ते दुसरीकडून आलं होतं. त्यानंतर आमच्या घरात अ‍ॅम्प्लिफायर हा विषय निघाला नाही.

प्रेबेन येऊन गेला त्याच्या पुढच्या रविवारी मी माझी वही काढली. ती टेलिफोनच्या खणात होती. रिग्मोरची वही कुठे असेल ते मला माहीत होतं. दोऱ्यांच्या पत्र्याच्या डब्यात, रिळांच्या खाली, कारण मी तिथे कधी बघत नाही हे तिला माहीत होतं. डबा लिस्बेटकडे होता. दफनानंतर मी तिला विचारलं होतं, तुला काय हवं, तर तिने तेवढंच घेतलं होतं. मी तिला फोन लावला.

"बाबा? सगळं ठीक ना? जेवतोयस का नीट?"

"काळा ब्रेड आहे घरात. तुझ्याकडे आईचा डबा आहे ना, दोऱ्यांचा? त्यात खाली एक वही असेल."

"थांब, कपाटावर ठेवलाय." खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग रिळं टेबलावर ओतल्याचा. "आहे. चौकटींची, लहान. हे काय आहे? हिशेब आहे का कसला?"

"नाही. मी आकडे सांगत जातो, तू पुढचं वाच."

"कोडं सोडवतोयस का काय?" ती हसली. ती हसताना आईसारखी हसते, हे तिला कुणी सांगितलेलं आवडत नाही. "बरं. पहिला. बारा जानेवारी. 'एक.' दुसरा. 'दोन.' तिसरा. 'दोन.'"

मी खुणा करत गेलो. आठपर्यंत माझे चार बरोबर होते, चार चूक. मी स्वतःला म्हणालो, अजून नऊ आहेत. आठव्यापुढे तिने 'दोन' लिहिलं होतं.

"नववा," लिस्बेट म्हणाली. "सोळा मार्च. 'बदललं नाही. वाकता येईना.'"

मी पेन्सिल धरून बसलो. माझ्या वहीत नवव्यापुढे 'एक' होतं, आणि शब्द होते, 'वर जरा झाकल्यासारखं'.

"बाबा? आहेस ना?"

"वाच."

"दहावा. 'नाही.' अकरावा. 'नाही. शेल्फला धरून उभी राहिले.' बारावा. 'नाही. किती पाणी वाया.'" ती थांबली. "हे कसलं आहे, बाबा?"

"आम्ही एक परीक्षा घेत होतो. आवाजाची. वाच पुढे."

"तेरावा. चार मे. 'आज प्रयत्न केला. खाली बसले, मग उठता येईना. उठल्यावर थाप मारली.'"

तेरावी खेप मला आठवत होती. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ बसलो होतो. घड्याळ समोरच होतं, मी बघितलं होतं, अकरा मिनिटं. नळ पातेल्यावर पडत होता. मी एकदा ओरडलो होतो, "अगं, झालं का?" पाण्यात ते मलाच नीट ऐकू आलं नाही. मला राग आला होता, कारण कान ताजे असताना ऐकायचं असं ठरलं होतं आणि इतका वेळ पाण्याखाली ते थकतात. मग थाप पडली. मी बाहेर गेलो. ती शेल्फला टेकून उभी होती, चेहरा लाल, केस कपाळावर. "स्क्रू अडकला होता," ती म्हणाली. मी म्हणालो की घट्ट पिळू नकोस, पितळ मऊ असतं. मग मी बसलो, डोळे मिटले आणि ब्रशकडे लक्ष दिलं.

लिस्बेटने चौदा, पंधरा, सोळा वाचले. तिन्हीला 'नाही'. म्हणजे नऊपासून सोळापर्यंत दोनच अ‍ॅम्प्लिफायर होते, काहीही न हलवता, आठव्या खेपेला राहिले तसे. पट्ट्या बशीतच होत्या. माझ्या वहीत त्या आठपैकी पाचांना 'दोन' होतं आणि तिघांना 'एक'. प्रत्येकापुढे शब्द होते. मी पेन्सिलीने बेरीज केली. सोळापैकी नऊ. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

"सतरावा," लिस्बेट म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "'लहान यंत्र बंद केलं. आता तरी ओळखेल.' त्यापुढे काही नाही. पानं कोरी आहेत. तू सतराव्याला काय लिहिलंयस?"

"दोन."

"म्हणजे बरोबर की चूक?"

"चूक."

'दोन'च्या पुढे मी चार शब्द लिहिले होते. 'आजवरचा सगळ्यात मोकळा आवाज.' ते मी तिला वाचून दाखवले नाहीत.

"बाबा, नववा मार्चमधला आहे," लिस्बेट म्हणाली. "मार्च. ती डॉक्टरकडे सप्टेंबरात गेली."

"हो."

"तुला काहीच दिसलं नाही?"

"मी स्वयंपाकघरात होतो. नळ चालू होता."

"नळ कशाला?"

"ती काय करतेय ते ऐकू येऊ नये म्हणून."

 रिळं एकेक करून डब्यात परत ठेवल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, की वही ती पोस्टाने पाठवेल. मी म्हणालो, असू दे तुझ्याकडेच. ती म्हणाली, "नाही, मला घरात नको आहे ती." लगेच म्हणाली, "तसं नाही रे, बाबा." मी म्हणालो, मला कळलं. आम्ही ईस्टरबद्दल दोन वाक्यं बोललो आणि फोन ठेवला.

नंतर मी सतरा ऑगस्ट आठवायचा प्रयत्न केला. तो मी अजून करतो, आणि त्यात फारसं काही सापडत नाही. ऊन होतं. खिडकी उघडी होती आणि बंदरावरून समुद्रपक्ष्यांचा आवाज येत होता, तो बंद व्हावा म्हणून मी खिडकी लावली. मी डोळे मिटले. गाणं झालं. मी लिहिलं. ती म्हणाली, "झालं? नक्की?" हे ती नेहमी म्हणायची. त्या दिवशी तिने अजून एक विचारलं होतं, हे मला आता आठवतंय, किंवा आता आठवतंय असं वाटतं. "काही वेगळं नाही वाटलं?" मी म्हणालो, "वाटलं ना. लिहिलंय." मी खूश होतो. तिने माझ्याकडे बघितलं असणार. हसली असेल, कारण ती गंमतच होती. परीक्षा संपवायची सोपी युक्ती. अर्धं संगीत बंद करायचं, मी उडी मारून उठणार, मग दोघं हसणार, आणि हसता हसता ती म्हणणार, की अरे, मार्चपासून मी खाली वाकलेलीच नाही. मी हे असं जोडतो. ते खरं असेल असं नाही. ती फक्त दमली असेल आणि एकदाचं संपावं असं तिला वाटलं असेल. ती "बरं" म्हणाली आणि कॉफी बघायला गेली. जाताना तिने दाराच्या चौकटीला हात लावला का, ते मला माहीत नाही. मी वही बंद करत होतो.

बाकीच्या गोष्टी आता सापडतात, कारण कुठे बघायचं ते माहीत झालं आहे. वसंतात ती जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबायची. मला वाटायचं ती तिथल्या म्हातारीशी बोलायला थांबते. झोपडीवर तिने जुलैत बटाटे खणले नाहीत. म्हणाली, या वर्षी तू खण, मी धुते. सायकल तिने मे महिन्यातच तळघरात ठेवली, टायर गेला म्हणून. परवा मी बघितलं, टायरमध्ये हवा आहे. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होतो, आणि त्याच वर्षी मी माणसाला ऐकू येईल न येईल इतका बारीक फरक ओळखायचा सराव करत होतो. आणि तो खटका सतरा ऑगस्टपासून बंद होता. रिग्मोर त्यानंतर तीन महिने होती. तिने जेवण केलं, वाढदिवसाला रीतीप्रमाणे कागदी झेंडे लावले, हॉस्पिटलची बॅग भरली. या सगळ्या वेळात स्पीकर अर्धेच वाजत होते. डिसेंबरात मी जे पत्रकातलं तिसरं समजत होतो, ते ऑगस्टपासून तसंच होतं. तेव्हा मला ते मोकळं वाटत होतं.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मी लायब्ररीत गेलो. प्रेबेनने खटक्याची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. तसा तो चांगला आहे. पण बाकीच्यांना वीस खेपांचं माहीत होतं आणि एकाने विचारलं, की निकाल काय लागला. मी म्हणालो, सतराच झाल्या. "मग सतरापैकी सांग," तो म्हणाला. "नऊ," मी म्हणालो. एकाने शीळ घातली. प्रेबेन कॉफी ओतत होता, तो म्हणाला, "सतरापैकी नऊ म्हणजे काहीच नाही रे, तेवढे माझ्या मांजरालाही पडतील." आणि लगेच माझ्याकडे बघून म्हणाला, "पण मोजलंस. इथे कुणी मोजत नाही." त्यावर ते सगळे भांडायला लागले, की सतरा पुरेत की नाहीत, आणि उरलेल्या तीन दुसऱ्या कुणाला घेऊन पूर्ण करता येतील का. मी कप धुतला आणि निघालो.

घरी येऊन मी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर शेल्फवरून काढले. स्पीकर दारापलीकडच्या भिंतीशी सरकवले, एक कपाटाला चिकटून, एक कोपऱ्यात. तिथे ते कधीच नीट वाजणार नाहीत. पट्ट्या बशीत आहेत. खिडकीखालची जागा पुसून मी टेपने मोजली. एक मीटर नव्वद आहे, बसतं. मग खाली गेलो आणि सायकली बाजूला केल्या. टेबल एका बाजूवर उभं होतं, तसंच, वरच्या कडेवर चार वर्षांची धूळ. खणात खडूचा तुकडा होता आणि टाचण्या. मी पाय हलवून बघितले. सरस अजून पक्का आहे, ते सुटे होणार नाहीत. सुटे झाले असते तर मी एकेक वर नेले असते.

त्याला दोन माणसं लागतात. प्रेबेनचा गुडघा सावरायला मे महिना उजाडेल, आणि तो विचारेल, की वर नेऊन त्यावर कापणार कोण. त्याला मी अजून फोन केलेला नाही. टेबल तळघरातच आहे.